चाचींची दहावी स्टेज

पहिल्यांदा सगळ्यांसमोर खेळायला बसले तेव्हा मी चार सेकंदांत मेले.

चारसुद्धा नसतील. टीव्हीवरचा तो निळ्या सदऱ्यातला बुटका माणूस उजवीकडे चालायला लागला, पहिला खड्डा आला आणि मी उडीचं बटण दाबलंच नाही. विसरले नव्हते. अंगठा बटणावर होता, खड्डा समोर दिसत होता, तरी अंगठा हलला नाही. माणूस खड्ड्यात पडला, टीव्हीतून पिचका आवाज आला आणि मागे बसलेली दहा-बारा पोरं एकदम हसली. मी हातातल्या रिमोटकडे नुसती बघत राहिले. आदल्याच दुपारी, याच खोलीत, याच हातांनी मी पाचव्या स्टेजपर्यंत गेले होते. फरक एवढाच की आदल्या दुपारी खोलीत कोणी नव्हतं.

हे उरण नाक्याजवळच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमधलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी सातवीत होते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कारकून होते, आई घरी शिवणकाम करायची. आमच्या बरोबर खाली चाची राहायच्या, त्या आणि त्यांची मुलगी. चाचा मस्कतला बंदरावर क्रेन चालवायचे आणि दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे. मागच्या खेपेला त्यांनी मुलीसाठी व्हिडिओ गेम आणला होता. काळं चपटं खोकं, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. आमच्या रस्त्यावर तसला गेम दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

गेम सोपा होता. खड्डे, आगीचे गोळे, हलते पूल ओलांडत त्या माणसाला पुढे न्यायचं. स्टेज एकूण दहा, प्रत्येकीचं संगीत वेगळं. जीव तीन. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये लाइट गेली तरी पहिल्यापासून.

चाचींची मुलगी माझ्याहून वर्षाने लहान. तिला खेळताना माणसं लागायची. एकटी असली की तिसऱ्या स्टेजला कंटाळून उठायची, पण मागे पोरं बसली, कोणी "मार, मार!" म्हणून ओरडलं की ती थेट सहाव्या स्टेजवर धडकायची. गर्दी जितकी जास्त तितकी ही पुढे. माझं नेमकं उलटं होतं आणि ते मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. त्यानंतर मी पोरांसमोर रिमोटला हात लावला नाही. "मला नाही आवडत," असं सांगायचे.

चाचींनी मात्र माझी सोय करून दिली. माझी शाळा सकाळची, त्यांच्या मुलीची उर्दू शाळा दुपारची. "तीन वाजता येत जा," त्या म्हणाल्या. "मी आत असते. कोणी बघायला नसतं." तशी मी रोज तीनला जायची. चाची आत भाजी निवडत असायच्या नाहीतर पडलेल्या असायच्या. गेमकडे त्या कधी ढुंकून बघत नसत. मुलं खेळत असली आणि चहा घेऊन आल्या तरी टीव्हीकडे पाठ करूनच कप ठेवायच्या. त्यांना त्या आवाजाचा त्रास होतो, अशी माझी समजूत होती.

एके दिवशी आई सकाळीच जासईला मावशीकडे गेली आणि घराची किल्ली चाचींकडे ठेवून गेली. शाळा सुटल्यावर मी साडेबाराला त्यांच्या दारात पोचले. उकाडा होता, दार उघडं आणि फक्त पडदा ओढलेला. आतून गेमचं संगीत येत होतं, पण ते मी आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं. सहा स्टेजची संगीतं मला पाठ होती. हे त्यातलं नव्हतं.

मी पडदा जरासा बाजूला केला.

चाची पाटावर बसल्या होत्या, टीव्हीपासून हातभर अंतरावर. डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरलेली. बाजूला परातीत तांदळाचं पीठ, त्यावर फडकं. दोन्ही अंगठे इतके जोरात चालले होते की मला ते नीट दिसेनात. टीव्हीवर काळं आकाश, कोपऱ्यात नऊचा आकडा, जळते दगड वरून पडतायत आणि तो बुटका माणूस त्यांच्यामधून चाललाय, थांबत नाहीये, जणू कुठला दगड कुठे पडणार हे त्याला आधीच माहीत आहे. त्याची एक उडी वाया जात नव्हती. मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी राहिले. पाच मिनिटं, कदाचित दहा. माझं तोंड उघडं पडलं होतं, हे घसा कोरडा पडल्यावर कळलं. ज्या बाईला टीव्हीचा आवाज कमी कसा करायचा हेही येत नसेल असं मला वाटत होतं, ती नवव्या स्टेजला होती.

मग माझ्या दप्तराचा पट्टा दाराच्या कडीला अडकला आणि कडी वाजली.

चाचींनी मान वळवली. मला बघितलं. पुन्हा टीव्हीकडे वळल्या, आणि समोर होता एक साधा खड्डा, पहिल्या स्टेजमध्ये असतो तसा. माणूस सरळ चालत गेला आणि त्यात पडला. त्यांचे अंगठे बटणांवरच होते. दोन जीव उरले होते, तेही तिथेच, त्याच खड्ड्यात गेले. एकामागोमाग एक.

"या अल्लाह," त्या म्हणाल्या आणि टीव्ही बंद केला. "कधीची उभी आहेस?"

"आत्ताच आले."

"खोटं बोलू नकोस."

"बराच वेळ झाला," मी म्हटलं. "चाची, तुम्ही नवव्या स्टेजला होतात!"

"बराच वेळ?" त्यांना त्याचंच नवल वाटलं. "आणि मी खेळत होते?"

"मस्त खेळत होतात. मला बघितलंत आणि मेलात."

 चाची परात पुढे ओढून पीठ मळायला लागल्या आणि मळता मळता सांगितलं. लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्या अठराच्या होत्या. दुसऱ्याच दिवशी घरातल्या सगळ्या बायका चुलीभोवती बसल्या, नवी सून तांदळाची भाकरी कशी थापते ते बघायला. माहेरी रोज पंधरा-वीस भाकऱ्या थापणारी मुलगी. पण त्या दिवशी पहिली भाकरी हातावरच फाटली, दुसरी तव्यावर टाकताना, तिसरी थापताच आली नाही. सगळ्या नुसत्या बघत राहिल्या. "तेव्हापासून हे असंच आहे, बेटा. कोणी बघायला लागलं की हात माझे राहत नाहीत. कसम आहे तुला, कोणाला सांगू नकोस. मुलीलासुद्धा नाही."

मी शपथ घेतली.

पुढचे दोन महिने फार मजेत गेले. मी शाळेतून परस्पर चाचींकडे जायला लागले. सुरुवातीला त्यांना मी खोलीत चालत नसे. मी आत बसून त्यांच्यासाठी लसूण सोलायचे आणि मोठ्याने विचारायचे, "कितवी?" त्या बाहेरून म्हणायच्या, "आठवी. गप्प बस." मग मी दारापर्यंत आले. मग त्यांच्या मागे. मग शेजारी. एक दिवस मी अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि त्या नववी स्टेज ओलांडून दहावीत गेल्या. दोघींना एकदमच कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मी श्वास घेतला नाही. दहाव्या स्टेजला सुरुवातीलाच एक आगीचा साप होता, त्याने तिन्ही जीव घेतले. तरी आम्ही दोघी हसत सुटलो.

मग चाचा सुट्टीवर आले.

चाचा उंच, बोलके, मोठ्याने हसणारे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्डिंगमधल्या मुलांना खजूर वाटले आणि मुलीला विचारलं, "कितवीपर्यंत गेलीस?" ती तोऱ्यात म्हणाली, "सहावी. सगळ्यांत पुढे मीच. सहावीच्या पुढे कोणी जाऊच शकत नाही."

"चाची दहावीला जातात," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. खजूर तोंडात होता. चाची स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता.

"कोण? ही?" चाचा इतके खूश झाले की त्यांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! आणि मला कोणी सांगितलं नाही!" चाची म्हणाल्या, "काहीतरी बोलते ती." पण चाचांना आता ते बघायचंच होतं. त्यात वाईट हेतू काही नव्हता. बायकोचं कौतुक चार माणसांत व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. रविवारी त्यांनी मोहल्ल्यातून थोरल्या भावाला आणि भावजयीला बोलावलं. माझ्या आई-बाबांनाही खाली बोलावलं. पोरं तर होतीच. बेकरीतून नानकटाई आणली. पंचवीसेक माणसं त्या छोट्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली, आणि चाचींना हाताला धरून मधोमध पाटावर बसवलं.

पहिला खड्डा. माणूस पडला.

"असू दे, असू दे, पहिला जीव आहे," चाचा म्हणाले.

पुन्हा तोच खड्डा. पुन्हा पडला. कोणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्यांदा चाचींनी उडीचं बटण फार लवकर दाबलं, माणूस खड्ड्याच्या अलीकडेच उडाला आणि बरोबर मधोमध उतरला. आता सगळेच हसले. पोरं, थोरला भाऊ, माझी आईसुद्धा. चाचाही हसले. चाची रिमोट खाली ठेवून "चहा टाकते" म्हणत आत गेल्या. भावजयही त्यांच्या मागोमाग गेली.

बाबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "कशाला थापा मारतेस गं?"

 मी खोटारडी ठरले याचं मला तेवढं वाटलं नाही. त्या तीन खड्ड्यांच्या वेळी मी चाचींच्या हातांकडे बघत होते, कारण माझी खात्री होती की आता ते चालायला लागतील. ते चाललेच नाहीत. मी त्यांना तिथे आणून बसवलं होतं. मला भाकरीची गोष्ट माहीत होती, आणि तरी मी ते केलं होतं.

आठवडाभर मी खाली गेले नाही. जिन्यावरून जाताना त्यांच्या दाराशी पावलं न वाजवता जायचे. शेवटी चाचींनीच गॅलरीतून हाक मारली. "तीन वाजता ये. चाचा दुपारी झोपतात."

मी गेले आणि दारातच रडायला लागले. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं.

"मी विचार करत होते," त्या म्हणाल्या. "तू शेजारी बसलीस तरी मी खेळते. मग त्या दिवशी काय झालं? आता कळलं मला. तू टीव्हीकडे बघतेस. ती माणसं माझ्याकडे बघत होती."

काही महिन्यांपूर्वी पोरांसमोर मी मेले होते त्याचं कारण मला इतक्या सरळ शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या आणि गेम लावला. आवाज त्यांनी अगदी बारीक केला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. चाचा झोपले होते.

त्या दुपारी चाची जशा खेळल्या तशा मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सहावी, सातवी, आठवी. नवव्या स्टेजला एक जीव गेला. दहाव्या स्टेजच्या सापाने दुसरा घेतला. शेवटच्या जीवावर त्यांनी सापाला उडी मारू दिली आणि स्वतः खालून पळाल्या. इतकं सोपं होतं ते. पुढे पूल, पुलाच्या टोकाला एक दार. माणूस दारातून आत गेला, टीव्ही काळा झाला आणि मला वाटलं लाइट गेली. मग एक नवीन संगीत सुरू झालं. सावकाश, जवळजवळ अंगाईसारखं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं वर वर जायला लागली. गेम संपला होता. गेम संपतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

चाचींचे हात तसेच रिमोटवर. 

आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

चाचा उभे होते. झोपेतून उठलेले दिसत नव्हते. डोळे ओले होते, आणि ते बघून मला टीव्हीवर बघितलं त्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. चाची दचकून उठल्या, ओढणी डोक्यावर घेतली. "झोपला नव्हतात?"

"मी बघितलं नाही," चाचा घाईघाईने म्हणाले. "खुदा की कसम, दारामागे खाली बसलो होतो, भिंतीकडे तोंड करून. फक्त ऐकलं. संगीत बदललं की कळायचं, पुढे गेली. दहा बदलली. मग हे आलं."

"किती दिवस?"

"त्या रविवारनंतर रोज."

चाची मटकन पाटावर बसल्या. चाचा त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि मी तिथे आहे हे विसरून बोलले. "साहेब खाली उभा राहून वर बघायला लागला ना, की माझी क्रेनपण हलते. पंधरा वर्षं झाली. लोखंड हवेत असतं आणि मला वाटतं आता सुटणार. म्हणून मी रात्रपाळी मागून घेतो. तिथे बघायला कोणी नसतं. तुला कधी सांगितलं नाही." मग म्हणाले, "त्या दिवशी मी हसलो. मला तरी हसायला नको होतं."

चाचींनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू कोणी परका माणूस घरात येऊन बसलाय. चौदा वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचे हात थरथरतात हे त्यांना त्या दुपारी कळलं. मी हळूच उठले आणि वर गेले.

चाचांना हे सगळ्यांना सांगायचं होतं. निदान माझ्या बाबांना तरी, म्हणजे मला खोटारडी म्हटलेलं परत घेतील. चाची नको म्हणाल्या, आणि मीही नको म्हटलं. महिनाभराने चाचा मस्कतला परत गेले.

त्यानंतर एक दिवस मी शाळेतून आले तर गेमचं खोकं टीव्हीखाली नव्हतं. "मुलीच्या कपाटात ठेवलाय," चाची म्हणाल्या. "ती आली की काढेल."

"आणि तुम्ही?"

"काल बसले होते. दुसऱ्या स्टेजला मेले."

"कोण होतं घरात?"

"कोणी नाही. पण खेळायला लागले की वाटतं, दारामागे ते बसलेत. ऐकतायत." त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "चांगलं केलं त्यांनी. माझ्यासाठी भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस कुठे मिळतो? पण आता जमत नाही."

मला हे पटेचना. मी वर येऊन जेवणाच्या ताटासमोर बसून राहिले. चाचा समुद्रापलीकडे होते. त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. प्रेमाने ऐकलं होतं, आणि तेवढ्याने चाचींचा खेळ गेला. मला पोरांच्या हसण्याचा राग आला होता, तो कळण्यासारखा होता. पण याचा राग कोणावर काढायचा?

चाचींनी बहुधा पत्रातून त्यांना ते कळवलं असावं. चार-पाच महिन्यांनी पळस्प्याचे एक गृहस्थ मस्कतहून सुट्टीवर आले आणि चाचींसाठी एक छोटं पार्सल देऊन गेले. मी तिथेच होते. आत एक नवी कॅसेट होती, हिरवी, वेगळ्याच गेमची. अजून प्लॅस्टिकमध्ये बंद. सोबत चिठ्ठी. चाचींनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्या हातात दिली. मोडक्या देवनागरीत लिहिली होती, मुद्दाम मला वाचता यावी म्हणून की काय कोण जाणे. "दुकानदार लावून दाखवतो म्हणाला, मी नको म्हटलं. याचं संगीत मी ऐकलेलं नाही."

चाचींनी प्लॅस्टिक दातांनी फाडलं. कपाटातून खोकं काढलं, कॅसेट घातली. मी पुढे सरकून पाटाशेजारी मांडी घालून बसले.

"तू वर जा," चाची म्हणाल्या.

"मी?"

"हो, तूच. एक आठवडा येऊ नकोस."

मी जागची उठले नाही. मी तर टीव्हीकडे बघणारी होते. पण त्यांचं लक्ष आधीच पडद्याकडे गेलं होतं आणि ओढणी खांद्यावर आली होती. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि खालचं काही कानावर यायच्या आत जिना चढून वर गेले. आई शिवणयंत्र चालवत होती. त्या खडखडाटात तिच्या शेजारी जाऊन बसले.

आठवडा म्हणाल्या होत्या. मी पंधरा दिवस गेले नाही.